मुक्काम पोस्ट लिस्बन, तिसरा मजला, डावीकडे

युरोप ट्रिप ठरली की आपल्याकडे पहिलं काय होतं? लिस्ट होते. काय बघायचं, काय खायचं, कुठे उभं राहून फोटो काढायचा... राहायचं कुठे, हा प्रश्न शेवटी येतो आणि अर्ध्या तासात उरकला जातो. साइट उघडायची, 'सिटी सेंटर'पासूनचं अंतर बघायचं, रेटिंग आठच्या वर, बजेटमध्ये बसतंय, क्लिक. झालं!

बाकी शहरांत हे एक वेळ खपून जाईल. लिस्बनमध्ये नाही. कारण लिस्बन सपाट नाही आणि तुमच्या फोनमधला नकाशा सपाट आहे. 'किल्ला ६०० मीटर' असं तो निरागसपणे सांगतो. त्या ६०० मीटरमध्ये किती पायऱ्या आहेत, हे सांगत नाही. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात. मला तर प्रत्येक गल्ली ही एक वेगळी टेकडीच वाटली.

त्यातून आपल्याला घाईही असते. शेंगेन व्हिसाच्या फाइलमध्ये मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे पोर्तुगीज बॅकपॅकर गोव्यात उतरून 'बघू या, कुठे आवडतंय ते' म्हणू शकतो, आपण नाही. कुठल्या मोहल्ल्यात झोपायचं हे आपल्याला ठाण्यात किंवा कोथरुडात बसून, काही आठवडे आधी ठरवावं लागतं. फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करा, हा त्यातला पहिला फंडा. दुसरा फंडा म्हणजे हा लेख.

माझ्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होता, कारण बरोबर आई होती. वय ५९, उत्साह १९ वर्षांचा, गुडघे मात्र ७० चे. फ्रीलान्सिंगच्या पैशांतून तीन वर्षं थोडं थोडं बाजूला टाकून मी तिला ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच रात्रींसाठी घेऊन जात होते. तिची ही पहिली परदेशवारी. "पहिलीच" असं मी म्हणत होते. ती म्हणायची, "एकच म्हण. पुढच्या वर्षी गुडघ्यांचं ऑपरेशन आहे." त्यामुळे चुकीच्या टेकडीवर बुकिंग झालं असतं, तर लिस्बनच्या ऐवजी एका खोलीची खिडकी बघून ती परत आली असती, आणि वर "छान होती हं खिडकी" असंही म्हणाली असती. तेच मला नको होतं.

सल्ला द्यायला माझी एक मैत्रीण होती. मूळची मडगावची, पुण्याला हॉस्टेलवर माझी रूममेट. आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे कागदपत्रं जमवून तिला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि ती लिस्बनला नोकरीला गेली. मी तिला लिंकमागून लिंक पाठवायची आणि ती प्रत्येकीवर एकच प्रश्न विचारायची: "लिफ्ट आहे?"

सगळ्यात आधी सगळे सुचवतात ते बाइशा. नदीकाठच्या भव्य चौकापासून आत जाणारा, सरळ रेषांत आखलेला भाग. लिस्बनच्या मध्यात एवढी सपाट जमीन दुसरीकडे शोधून सापडत नाही. इतकं शिस्तशीर कसं काय, तर त्यामागे एक भयंकर सकाळ आहे. १ नोव्हेंबर १७५५, ख्रिश्चनांचा सर्व संतांचा दिवस. लोक चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या सुमाराला भूकंप झाला, मग नदीतून समुद्राच्या लाटा आत आल्या आणि मग आगी, त्या कितीतरी दिवस धुमसत राहिल्या. मधलं शहर संपलं. राजाचा मंत्री होता, पुढे मार्केश द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला. त्यानं ढिगारे उपसून तिथे पट्टीनं आखल्यासारखे रस्ते काढले. भिंतींच्या आत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा घातला, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर घर डोलेल पण पडणार नाही. त्याचा नमुना उभा करून, भोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो तपासला म्हणे. रस्ते धंद्यांनुसार वाटले: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. नावं आजही तीच आहेत. आपल्या पेठा आणि बोहरी आळी, तांबट आळी वगैरे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

हे सगळं वाचून मी बाइशाच्या प्रेमात पडले. पण राहण्यासाठी? दोन रात्रींचा मुक्काम असेल तर बाइशासारखं दुसरं काही नाही, हे मी लिहून देते. मेट्रो, ट्राम, स्टेशन सगळं हाताशी. पण पाच रात्री म्हटलं की तिथलं संध्याकाळचं चित्र आठवा. दर दहा पावलांवर लॅमिनेटेड मेनू घेऊन उभा असलेला माणूस, सगळीकडे तीच मॅग्नेट, आणि साधं दूध-ब्रेड घ्यायचं तर कुठे हा प्रश्न. शिवाय हॉटेलांचे दर आमच्या बजेटच्या बाहेर. शियादो त्याहून महाग, तो विषयच सोडा.

बाइरो आल्तो तुमच्यापैकी अनेकांना खुणावेल. १५१३ पासूनची वस्ती, दिवसा अगदी झोपाळू आणि रात्री अख्खी गल्लीच बार. लोक आत बसत नाहीत, ग्लास घेऊन रस्त्यावर उभे राहतात. तुमच्या खिडकीखाली! मित्रांबरोबर जाणार असाल तर पार्टीला जरूर जा आणि झोपायला दुसरीकडे या. बेलेंमध्ये वास्को द गामाची कबर आहे, मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशांतून उभारलेला देखणा मठ आहे, १८३७ पासून चालू असलेलं कस्टर्ड टार्टचं दुकान आहे. दिवस मस्त जातो. संध्याकाळी टूरबस निघून गेल्या की शुकशुकाट. आणि पार्क दास नासोइश, म्हणजे १९९८ च्या एक्स्पोसाठी नव्यानं वसवलेला भाग, तिथे रुंद फुटपाथ, लिफ्ट, एसी, सगळं आहे. पण फोटो बघून आई म्हणाली, "हे तर बीकेसी आहे!" लिस्बनला जाऊन बीकेसीत राहायचं?

आता अल्फामा. मला कबूल करायला हवं की मन तिथेच अडकलं होतं. नाव अरबी, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. १७५५ च्या तडाख्यातून हा भाग बराचसा वाचला, म्हणून भूकंपाआधीचं लिस्बन कसं होतं ते इथेच कळतं. दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, टाइल्सचे तुकडे उडालेल्या भिंती, कुठूनतरी येणारा फादोचा सूर. १२ जूनच्या रात्री संत अँथनीच्या सणाला तर इथे प्रत्येक दारासमोर सार्डिन भाजतात आणि माणसाला माणूस चिकटतो. शेजारची मोरारिया तशीच. ११४७ मध्ये ख्रिश्चन राजानं किल्ला जिंकला तेव्हा मूर लोकांना तटाबाहेर जी जागा दिली, ती ही. फादोची पहिली मोठी गायिका मारिया सेवेरा इथे राहायची आणि ती वारली १८४६ मध्ये, ऐन पंचविशीत.

मोरारियातलाच एक फ्लॅट मी हेरला होता. चौथा मजला, पोटमाळ्याचं छत, लाल कौलांपलीकडे नदी. दर हॉटेलपेक्षा कमी, वर छोटंसं किचन. आई घरून निघतानाच "कुकर न्यायचा का?" विचारत होती, म्हणजे किचनचा केवढा आनंद! मी लिंक पाठवली. त्या रात्री मैत्रिणीचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"ती बिल्डिंग मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी दोन वर्षं तिथे राहिले. याच फ्लॅटच्या खाली, तिसरा मजला, डावीकडे."

पोर्तुगालमध्ये पत्ता असाच लिहितात. बिल्डिंगचा नंबर, मजला आणि जिन्यावरून वर आल्यावर दार डाव्या हाताला की उजव्या. तिच्या दारावर तेव्हा बेलपाशी तिचं नाव होतं. मग करार संपला, घरमालकानं नूतनीकरण केलं नाही. कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तीन महिन्यांनी तिला एका साइटवर आपलीच खिडकी दिसली, पांढरे पडदे लावलेली, 'ऑथेंटिक मोरारिया एक्स्पीरियन्स' अशा मथळ्याखाली. आता ती नदीपलीकडे राहते, रोज बोटीनं कामाला येते.

"जिना लाकडी आहे," ती पुढे म्हणाली. "एकाहत्तर पायऱ्या. मी मोजल्यात, कारण सिलिंडर मीच चढवायचे. काकूंना जमणार नाही."

बाकीच्या गोष्टीवर ती काहीच म्हणाली नाही. मला मात्र ती गोष्ट सोडेना. मी पत्रकार आहे, खोदकाम करायची सवय. २०१२ मध्ये पोर्तुगालनं भाडेकायदा बदलला. वर्षानुवर्षं गोठलेली जुनी भाडी मोकळी झाली, करार संपवणं घरमालकांना सोपं झालं. पागडीच्या खोलीत वाढलेल्या गिरगावकराला यातलं नाट्य वेगळं समजावायला नको. २०१४ मध्ये पर्यटकांना घर देण्यासाठी सुटसुटीत नोंदणी आली. त्याच सुमाराला स्वस्त विमानं आली आणि जुन्या वस्तीतली घरं एकेक करून चावीच्या छोट्या पेट्यांची झाली. २०१८ मध्ये महापालिकेनं अल्फामा, मोरारिया, बाइरो आल्तोत नवी नोंदणी थांबवली. २०२३ मध्ये देशपातळीवरही बंधनं आली, नंतरच्या सरकारनं त्यातली काही सैल केली. पण जी घरं आधीच गेली ती गेली.

मोरारियाच्या एका गल्लीत कॅमिला वॉटसन या ब्रिटिश फोटोग्राफरनं तिथल्या म्हाताऱ्या रहिवाशांचे मोठे फोटो थेट भिंतींवर छापलेत. फार सुंदर काम. शेजारच्या दारावर 'एएल'ची पाटी दिसली की मात्र पोटात कसंतरी होतं. 'एएल' म्हणजे पर्यटकांना द्यायचं घर. (जाहिरातीत हा नोंदणी क्रमांक आहे ना, हे नक्की बघा. नसेल तर सरळ पुढे जा.)

मग अशा ठिकाणी राहूच नये का? माझ्याकडे याचं स्वच्छ उत्तर नाही. ज्या आजीचं वरच्या मजल्यावरचं घर भाड्यानं देऊनच पेन्शनला हातभार लागतो, तिच्याकडे राहिलो तर काय बिघडलं? पण एकाच नावानं पंधरा फ्लॅट्स असलेला 'होस्ट' ही आजी नव्हे, एवढं आपल्यालाही कळतं. प्रोफाइलवर क्लिक करून त्याची बाकीची घरं बघायला दहा सेकंद लागतात. मी तो फ्लॅट सोडला. गुडघ्यांमुळे की मैत्रिणीच्या पडद्यांमुळे, हे आईनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग निघाला तोडगा. नकाशा घेऊन मी टेकड्यांऐवजी दऱ्या शोधायला लागले. आणि मार्तिम मोनीझ चौकातून उत्तरेला जाणारा एक लांबलचक सरळ रस्ता सापडला, आव्हेनीदा अल्मिरांत रैश. पूर्वी इथे ओढा होता, त्याच्याच वाटेनं रस्ता गेलाय, त्यामुळे चढ अगदी हळूहळू. खालून मेट्रोची हिरवी लाइन: मार्तिम मोनीझ, इंतेंदेंत, आंजुश, आरोयोश, अलामेदा. विमानतळावरून लाल लाइननं अलामेदाला यायचं, तिथे गाडी बदलायची, की दोन-तीन स्टेशनांत घर. जुन्या शहरापासून दहा मिनिटं. आरोयोशला २०१९ मध्ये 'टाइम आउट'नं जगातला सगळ्यात कूल मोहल्ला ठरवलं होतं. तेव्हा 'कूल' म्हटलं की भाडं पुढे कुठल्या दिशेला जातं हे सांगायला नको, पण निदान तिथे अजून शाळेत जाणारी पोरं आणि औषधाची दुकानं आहेत.

आंजुशजवळ एक जुनं, छोटं हॉटेल मिळालं. साधं, पण लिफ्टवालं! लिफ्ट एवढी लहान की आई आणि बॅग एका वेळी मावायच्या नाहीत. आधी बॅग, मग आई. शहराचा पर्यटन कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो झालाय, म्हणजे आमचे दोघींचे पाच रात्रींचे ४० युरो. तो साधारणपणे काउंटरवर वेगळा मागतात. बजेटमध्ये धरून ठेवा, नाहीतर चेक-इनलाच चेहरा पडतो.

आणि मग त्या मोहल्ल्यानं काय काय दिलं! सकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत आईला 'गालाँव' सापडला, उंच ग्लासातली भरपूर दुधाची कॉफी, आणि जाड ब्रेडचा लोण्यात न्हालेला टोस्ट. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई तिला बघितल्याबरोबर मशिनकडे वळायला लागल्या. काउंटरवरच्या काचेत समोसे! तिथे त्याला शमूसा म्हणतात, गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला, शहरभर मिळतो. बहुतेक वेळा आत मांस असतं, शाकाहारी मंडळींनी विचारून घ्या. मार्तिम मोनीझच्या आसपास तूरडाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, सगळं दुकानात मांडलेलं. बांगलादेशी, नेपाळी, गुजराती, पंजाबी आवाज. आईनं एका गुजराती काकांशी अर्धा तास गप्पा मारल्या. ते मोझांबिकहून १९७५ नंतर आलेल्या कुटुंबातले. कुकर नेला नव्हता याची हळहळ मात्र तिला शेवटपर्यंत होती.

चढ-उताराचं गणित आम्ही तिथेच शिकलो. मी पक्कं ठरवलं होतं: वर जायला गाडी, खाली यायला पाय. पहिल्याच दिवशी आईनं ते उलटवलं. "चढण परवडली गं, उतरणच नको." दुखऱ्या गुडघ्याला उतरणीवर जास्त भार पडतो, हे ज्याचं दुखतं त्यालाच कळतं. शिवाय तिथले फुटपाथ चुनखडीच्या गुळगुळीत लहान दगडांचे, रोज घासून चकचकीत झालेले. ऑक्टोबरात पावसाची सर आली की अक्षरशः साबण! बूट रबरी तळव्याचेच न्या, फॅशन नंतर. मग आम्ही शहरानं दिलेल्या सगळ्या सोयी वापरल्या. फांकैरुश रस्त्यावरच्या एका इमारतीतून फुकट सरकारी लिफ्ट वर जाते, तिथून पुढे आणखी एक. मोरारियाच्या पायथ्याशी चक्क रस्त्यावर सरकते जिने आहेत. किल्ल्यापर्यंत ७३७ नंबरची छोटी बस जाते. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी मार्तिम मोनीझला तासभर रांग असते आणि आत पाकीटमार असतात. सकाळी लवकर गेलात तर बसायला जागा मिळते. दुपारी उभं राहून प्रवास करायचा तर चर्चगेट लोकलच बरी.

उतारावरच्या जुन्या फ्युनिक्युलर गाड्यांतली ग्लोरियाची गाडी आईला फार आवडली होती. ३ सप्टेंबर २०२५ ला तिला भीषण अपघात झाला. १६ जण गेले. त्यानंतर शहरातल्या बाकीच्या अशा गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या. तेव्हा कुठल्या चढावर मुक्काम करायचा हे अशा एखाद्या गाडीच्या भरवशावर ठरवू नका. जायच्या आधी काय चालू आहे ते बघून घ्या.

अल्फामाला आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा सकाळी. पोर्तास दो सोलच्या कठड्यावर आई तासभर बसली. खालच्या गल्लीतून दोन जण चाकांच्या बॅगा ओढत चालले होते. दगडांवरून त्या चाकांचा जो आवाज होतो, तो किती वर चढतो हे मला तिथेच कळलं. वरच्या खिडकीतून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं, बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

शेवटच्या संध्याकाळी मैत्रिणीकडे जेवायला बोलावणं होतं. काइश दो सोद्रेवरून बोट, दहा मिनिटांत पलीकडे कासिल्याश. मागे वळून बघितलं तर अख्खं लिस्बन एकावर एक रचून ठेवल्यासारखं, दिवे लागत होते. आईनं तिला विचारलं, "भाडं किती गं देतेस?" तिनं सांगितलं. आईनं मनातल्या मनात रुपये केले आणि जरा वेळ गप्पच बसली.

मग म्हणाली, "लिफ्ट आहे ना?"

"नाही काकू. पण दुसराच मजला."

आई कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. दार उजवीकडे होतं. बेलपाशी मैत्रिणीचं नाव. आत गेल्या गेल्या आईनं पर्समधून चकल्यांचा डबा काढला. दिवाळी दोन आठवड्यांवर होती.